कांडीतला घोडा

बदलापूर या नावाची एक गोष्ट आमच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. शिवकाळात गुजरातच्या वाटेला लागणारे स्वार इथं थांबायचे. दमलेली घोडी दावणीला बांधायची, ताज्या दमाची घ्यायची आणि पुढं निघायचं. घोडे बदलायचं गाव, म्हणून बदलापूर. ही लोककथा आहे आणि लोककथा म्हणूनच मी ती सांगतो आहे. पण घोडा बाळगणाऱ्या प्रत्येकाला पटेल असं एक शहाणपण तिच्यात आहे. लांबचा पल्ला गाठायचा तर पुढचा घोडा आधीच तयार हवा.

हा पुढचा घोडा आज दावणीलाच असेल असं नाही. तो अर्ध्या मिलिलिटरच्या प्लास्टिकच्या कांडीत असतो. कांडी द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत, उणे १९६ अंश सेल्सिअसला बुडवलेली असते. कांडीवर घोड्याचं नाव असतं, रेत गोठवल्याची तारीख असते. आत जीव आहे का आणि असला तर किती, हे मात्र नावावरून कळत नाही. ते ओळखायचं कसं आणि ते ओळखणं आपल्या देशी घोड्यांसाठी इतकं निकडीचं का झालं आहे, हे सांगण्यासाठी हा लेख.

लोकलच्या वाटेवरचे घोडे

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर म्हटलं की गर्दीची लोकल, एमआयडीसी आणि टॉवर डोळ्यांपुढं येतात. तरी घोडा इथून गेलेला नाही. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबं उतरली आणि १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. आज तिथल्या लग्नसराईत वरातीच्या पांढऱ्या घोडीशिवाय कॅम्पातला एक रस्ता सुना जात नाही. ज्या प्रदेशातून ही माणसं आली त्याच्या नावाची घोड्याची एक जातही आहे, कच्छी-सिंधी. स्वाराच्या पोटातलं पाणी हलू न देणाऱ्या रेवाल चालीसाठी ती ओळखली जाते.

अंबरनाथशी घोड्याचं नातं डोळ्यांना दिसत नाही, पण ते रक्ताचं आहे. इथल्या औद्योगिक वसाहतीत भारत सीरम्स अँड व्हॅक्सिन्सचा कारखाना आहे आणि सर्पदंशावरचं प्रतिविष हे त्या कंपनीचं जुनं उत्पादन. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांचं विष अगदी थोड्या, हळूहळू वाढवत नेलेल्या मात्रेत घोड्याला टोचतात. त्याच्या रक्तात प्रतिद्रव्यं तयार होतात आणि त्या रक्तद्रवातून औषध बनतं. मुरबाड-शहापूरच्या भातखाचरात फुरसं चावलेल्या माणसाचा जीव वाचतो तो शेवटी एका घोड्याच्या रक्तामुळे. बदलापूरच्या पुढं वांगणी, शेलू आणि मग नेरळ. तिथून वर माथेरानला मोटारींना बंदी असल्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या घोड्यांच्या पाठीवर संसार चालले आहेत.

वरातीची घोडी, प्रतिविषाचा घोडा, माथेरानचा घोडा. या सगळ्यांच्या जागी उद्या येणारी शिंगरं कुठून यायची? देशाचं उत्तर काळजीत टाकणारं आहे. २०१२च्या पशुगणनेत भारतात घोडे आणि तट्टं मिळून सुमारे सव्वासहा लाख होती. २०१९ साली ती ३ लाख ४० हजारांच्या आसपास उरली. सात वर्षांत जवळजवळ निम्मी.

एका शुक्रजंतूचा लांबचा प्रवास

घोडी फळवायची तर ती चांगल्या घोड्याकडे न्यायची किंवा घोडा तिच्याकडे आणायचा, ही जुनी रीत. चांगला मारवाडी घोडा जोधपूरकडे असतो आणि घोडी सोलापुरात. ट्रकमधून शेकडो किलोमीटरचा प्रवास, वाटेतली दुखापत, एकमेकांच्या लाथा, परक्या तबेल्यातून आलेला रोग, हे सगळं मालकाच्या माथी येतं. घोडा मेला की त्याचा वंशही तिथंच थांबतो. गोठवलेल्या रेतामुळे या दोन्ही अडचणी सुटू शकतात.

तिथपर्यंतचा रस्ता सोपा नव्हता. शुक्रजंतू गोठवला की त्याच्या आतलं पाणी स्फटिक होतं आणि पेशीचं आवरण फाटतं. १९४९ साली इंग्लंडमध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांनी ग्लिसरीन घातलं की शुक्रजंतू गोठणं सोसतो हे दाखवलं. पहिला प्रयोग कोंबड्याच्या रेतावर होता. दोन वर्षांत, १९५१ साली, गोठवलेल्या रेतापासून पहिलं वासरू जन्मलं. घोड्याच्या बाबतीत पहिलं शिंगरू जन्मल्याची नोंद कॅनडात १९५७ची आहे. गाय आणि घोडी यांची सुरुवात जवळजवळ बरोबरच झाली. मग गाय इतकी पुढं का गेली?

कारण निवडीत आहे. वळूंच्या रेतकेंद्रात ज्याचं रेत गोठवण सोसत नाही तो वळू बाजूला काढला जातो. अशी निवड वर्षानुवर्षं चालली आणि गोठवण सोसणारं रक्तच पुढं सरकलं. घोड्याची निवड मात्र चालीवर, वेगावर, रंगावर झाली. मारवाडीचे आत वळलेले कान पाहिले गेले, अंगावरचे भोवरे पाहिले गेले, पंचकल्याणी आहे का ते पाहिलं गेलं. त्याचं रेत कसं आहे हे कुणी विचारलं नाही. म्हणून बाजारात लाखांत किंमत सांगितला जाणारा एखादा देखणा घोडा नैसर्गिक रीतीनं घोड्या छान फळवतो, पण त्याचं रेत गोठवून वितळवलं की भिंगाखाली निश्चल पडून राहतं. हा घोड्याचा दोष नव्हे. त्याच्या शुक्रजंतूचं आवरण तसं आहे.

म्हणून पहिली गोष्ट ही लक्षात ठेवावी की घोड्याचं रूप, त्याची वंशावळ किंवा त्याच्या ताज्या रेताची चळवळ यांपैकी काहीही गोठवलेल्या कांडीची हमी देत नाही. कांडीची परीक्षा कांडी वितळल्यावरच होते.

मेजावरची दहा मिनिटं

ही परीक्षा कशी होते ते जवळून पाहू.

मेजावर पाण्याचं भांडं, पाणी बरोबर ३७ अंश. लांब चिमट्यानं टाकीतून एक कांडी उचलायची आणि क्षणाचाही उशीर न करता पाण्यात बुडवायची. अर्ध्या मिलिलिटरच्या कांडीला ३० सेकंद. घड्याळ लावूनच, अंदाजानं नाही. मग बाहेर काढून कोरडी पुसायची, कारण वरचा पाण्याचा थेंब आत गेला तरी शुक्रजंतू फुगून मरतात. टोक कापून रेत कोमट नळीत सोडायचं, त्यात कोमट पोषकद्रव मिसळून ते पातळ करायचं आणि काही मिनिटं ३७ अंशांवर तसंच राहू द्यायचं. काचपट्टी कोमट, झाकणकाच कोमट, सूक्ष्मदर्शकाचा मंचही कोमट. थंड काचेवर ठेवलेला चांगला थेंबही मेल्यासारखा दिसतो. पुष्कळ वेळा रेताला लागलेला बट्टा खरा त्या थंड काचेचा असतो.

आता भिंगाला डोळा लावा. दोनशे पट मोठं झालेलं ते जग आधी गोंधळाचं वाटतं. नजर स्थिरावली की तीन तऱ्हा ओळखू येतात. काही शुक्रजंतू पुढं झेपावत मैदान ओलांडून जातात. काही जागच्या जागी शेपूट हलवत राहतात किंवा लहानशा वर्तुळात फिरत राहतात. बाकीचे निपचित असतात. पहिल्या दोन गटांची बेरीज म्हणजे एकूण चळवळ. पहिला गट म्हणजे पुरोगामी चळवळ, म्हणजे पुढं जाणारे. विकणारा बहुधा एकूण चळवळीचा, मोठा आकडा सांगतो. घेणाऱ्यानं पुढं जाणाऱ्यांचा विचारायला हवा.

जगभर चालणारा दंडक असा आहे की वितळल्यानंतर किमान ३० ते ३५ टक्के शुक्रजंतू पुढं जाणारे असावेत आणि एका मात्रेत असे पुढं जाणारे निदान २५ कोटी असावेत. हिशेब करून पाहा. एका कांडीत १० कोटी शुक्रजंतू आणि आठ कांड्यांची एक मात्रा म्हणजे ८० कोटी. त्यात ३५ टक्के पुढं जाणारे म्हणजे २८ कोटी, मात्रा पुरेशी. तेच २५ टक्के निघाले तर २० कोटी, मात्रा अपुरी. म्हणजे नुसत्या टक्क्यानं भागत नाही आणि नुसत्या कांड्यांच्या संख्येनंही नाही. दोन्हींचा गुणाकार करावा लागतो, आणि तो पाचवीतलं पोरही करील इतका सोपा आहे.

इथं वळूच्या रेताची सवय झालेल्या डोळ्यानं सावध राहावं. घोड्याच्या शुक्रजंतूचं शेपूट डोक्याच्या बरोबर मध्यावर न जुळता थोडं एका बाजूला जुळलेलं असतं. वळूत तो दोष धरतात, घोड्यात ते स्वाभाविक आहे. त्यामुळे घोड्याचा निरोगी शुक्रजंतूही मोठ्या वळणानं पोहतो. मोठं वळण चालतं. अगदी आखूड घिरट्या किंवा मागं मागं जाणं दिसलं तर ते थंडीच्या धक्क्याचं लक्षण समजावं.

दहा मिनिटांत पहिला आकडा मिळतो, पण परीक्षा संपत नाही. तोच नमुना ३७ अंशांवर ठेवून अर्ध्या तासानं, तासानं, दोन तासांनी पुन्हा पाहतात. सुरुवातीला ४० टक्के दाखवणारी एखादी कांडी तासाभरात १०वर येते आणि ३५ टक्क्यांची दुसरी दोन तासांनीही ३०वर टिकून असते. घोडीच्या गर्भाशयात ज्या कांडीवर मी विश्वास ठेवीन ती दुसरी.

त्यापुढच्या चाचण्या प्रयोगशाळेच्या. इओसिन-निग्रोसिन रंग दिला की मेलेल्या शुक्रजंतूत गुलाबी रंग शिरतो आणि जिवंत पांढरा राहतो, कारण त्याचं आवरण शाबूत असतं. कमी क्षारांच्या पाण्यात सोडलं की जिवंत आवरणाच्या शेपटीला वेटोळं पडतं. चकाकणारे रंग आणि फ्लो सायटोमीटर वापरून हजारो पेशी काही मिनिटांत तपासता येतात, आतला डीएनए तुटला आहे का तेही कळतं. शुक्रजंतू जोरात पोहत असेल, पण आतला डीएनए तुटका असेल तर गर्भ सुरुवातीलाच खचतो. भिंगाखाली हा दोष दिसत नाही.

संगणकानं चळवळ मोजणारं यंत्र, कासा, आता अनेक ठिकाणी आहे. माणसाच्या नजरेतला पक्षपात ते टाळतं. पण कोणत्या वेगाला 'पुढं जाणारा' म्हणायचं हे यंत्रात माणूसच ठरवतो. दोन प्रयोगशाळांच्या मोजणीच्या पट्ट्या वेगळ्या असतील तर त्यांचे आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही. त्यातून रेतात गोठवताना मिसळलेला अंड्याचा बलक असला की त्याचे कण शुक्रजंतू समजून मोजले जाण्याचा धोका असतो. आकड्याबरोबर तो कसा काढला हेही कागदावर असायला हवं.

टाकीपासून घोडीपर्यंत

कांडी तयार झाली त्या दिवशीचा अहवाल उत्तम असेल. त्यानंतर तिच्यावर काय बेतलं हे त्या अहवालात नसतं. घोडी हा लांब दिवसांत माजावर येणारा प्राणी, म्हणजे तिचा हंगाम वसंत ते उन्हाळा. याच दिवसांत बदलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. अशा उन्हात टाकी उघडून, कांड्यांचा डबा तोंडाशी आणून, "कुठली कांडी?" म्हणत कुणी रेंगाळला तर काही सेकंदांत आतलं तापमान इतकं चढतं की शुक्रजंतूच्या आत स्फटिक वाढू लागतात. डबा पुन्हा नायट्रोजनमध्ये गेला की कांडी पुन्हा कडक होते. ती दिसायला तशीच असते, आतला जीव मात्र गेलेला असतो. म्हणून कांडी टाकीच्या गळ्याखालीच ओळखायची आणि नायट्रोजनची पातळी पट्टीनं नेमानं मोजायची.

कांडी उत्तम असली तरी अर्धं काम घोडीकडे असतं. नैसर्गिक फळवणीत घोड्याचा शुक्रजंतू घोडीच्या शरीरात दोन-तीन दिवस वाट पाहत टिकतो. गोठवून वितळवलेला साधारण बारा तास टिकतो. सुटलेलं बीजही काही तासच फळण्याजोगं राहतं. म्हणून डॉक्टर अल्ट्रासाउंडनं बीजकोशावरचा फुगा मोजतात, तो ३५ मिलिमीटरच्या पुढं गेला की बीज सोडवणारं इंजेक्शन देतात आणि त्यानंतर दर सहा तासांनी पुन्हा तपासतात. रात्री दोन वाजता तबेल्यात दिवा लागतो, मोतद्दार घोडीची मान थोपटत उभा राहतो, डॉक्टर पडद्यावर पाहतात, फुगा अजून आहे. पहाटे पुन्हा पाहतात, फुगा नाही. आता कांड्या वितळवायच्या आणि लांब नळीनं गर्भाशयाच्या शिंगात खोलवर रेत सोडायचं. हे हुकलं तर पुढची संधी तीन आठवड्यांनी. साधलं तर अकरा महिन्यांनी शिंगरू.

घोडी फळली नाही की मालक कांडीला बोल लावतो, कांडीवाला घोडीला आणि दोघं मिळून डॉक्टरला. वितळवलेल्या एका कांडीची नोंद हाताशी असेल तर हा वाद पाच मिनिटांत मिटतो. परीक्षेचा हा सगळ्यात व्यवहारी उपयोग आहे.

आणि रोग. थंडीनं शुक्रजंतूंबरोबर जंतू आणि विषाणूही जपले जातात. घोडीच्या गर्भाशयाला सूज आणणारा संसर्गजन्य मेट्रायटिस, विषाणूजन्य आर्टरायटिस, रक्ताचा संसर्गजन्य अॅनिमिया यांसाठी घोड्याची तपासणी रेत काढण्याआधीच व्हायला हवी. ग्लँडर्सची तपासणी तर देशी घोड्याच्या बाबतीत टाळताच येत नाही, कारण तो रोग माणसालाही होतो. आपल्या देशात हे काम हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र करतं.

गाईला नियम, घोडीला नशीब

या विद्येत महाराष्ट्र मागास नाही. मुंबईचं पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ सालचं. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळीकांचनला बाएफ ही संस्था उभी केली आणि गोठीत रेत गावागावांत नेलं. आज गाई-म्हशींच्या रेतासाठी केंद्र सरकारची किमान मानकं आहेत. प्रत्येक कांडीत २ कोटी शुक्रजंतू हवेत, वितळल्यावर किमान निम्मे हलते हवेत आणि केंद्रांचं ठरावीक काळानं बाहेरच्या तज्ज्ञांकडून मूल्यमापन व्हायला हवं. खेड्यातला शेतकरी भिंग न पाहताही त्या कांडीवर विश्वास टाकतो, कारण तिच्यामागं यंत्रणा उभी आहे.

घोडीच्या मालकाला हे पाठबळ नाही. महाराष्ट्राची घोड्यांची जी श्रीमंत ओळख आहे, म्हणजे महालक्ष्मी आणि पुण्याच्या शर्यती, पूनावालांचा १९४६ सालचा स्टड फार्म, तिथं हा प्रश्नच येत नाही. शर्यतीच्या थरोब्रेडला जगभर नैसर्गिक फळवणीचंच बंधन आहे. कृत्रिम रेतनानं झालेलं शिंगरू त्यांच्या वहीत नोंदलंच जात नाही. म्हणजे पैसा आणि तज्ज्ञ जिथं आहेत तिथं गोठीत रेत चालत नाही, आणि जिथं त्याची खरी गरज आहे, म्हणजे सारंगखेड्याच्या, अकलूजच्या, नांदेडजवळच्या माळेगावच्या बाजारात उभा राहणारा घोडेवाला, त्याच्यापर्यंत परीक्षा पोचलेली नाही.

भीमथडीकडेच पाहा. भीमेच्या खोऱ्यातलं हे काटक तट्टू. मराठ्यांच्या घोडदळाची दौड ज्यांच्या जोरावर झाली, त्या दख्खनी घोड्यांचा हा वारसा. आज ते धनगरांच्या कळपाबरोबर बिऱ्हाड वाहत चालतं. कर्नालच्या राष्ट्रीय पशु अनुवंश संसाधन ब्यूरोनं त्याला देशातली आठवी घोड्याची जात म्हणून मान्यता दिली. मान्यता मिळाली, आता जपणूक हवी. निवडक भीमथडी नरांचं रेत गोठवून, पारखून ठेवणं हा तिचा स्वस्त आणि खात्रीचा मार्ग आहे. हे आपल्याला जमण्याजोगं आहे याचा पुरावा बिकानेरनं दिला आहे. हिसारच्या संस्थेच्या तिथल्या केंद्रात १९ मे २०२३ रोजी भ्रूण प्रत्यारोपणातून देशातलं पहिलं मारवाडी शिंगरू जन्मलं. तेवीस किलोची मादी, नाव राज-प्रथमा. आपल्या शास्त्रज्ञांचे हात तयार आहेत. कमी आहे ती मोजपट्टीची.

माझं म्हणणं सरळ आहे. गाईच्या कांडीला जसं किमान मानक आहे तसं घोड्याच्या कांडीलाही लागू करा. प्रत्येक मात्रेबरोबर एक कागद द्या आणि त्यावर घोड्याचं नाव व नोंदणी, गोठवल्याची तारीख, कांडीतली संख्या, वितळल्यावर पुढं जाणाऱ्यांचे टक्के, मोजण्याची पद्धत, मात्रेला लागणाऱ्या कांड्या आणि रोगतपासणीची तारीख लिहा. सात ओळींचा तो कागद असेल तर माणूस फसत नाही आणि घोडीचा हंगाम वाया जात नाही.

सरकार हे करील तेव्हा करील. तोवर, घोडी बाळगणाऱ्या माझ्या बांधवांनो, एवढं करा. दिवाळी पाडव्याला अकलूजचा बाजार भरतो, दत्तजयंतीला सारंगखेड्याचा. तिथं कुणी नामांकित घोड्याच्या कांड्या देऊ केल्या तर मात्रेपेक्षा एक कांडी जास्त मागा आणि तिचे पैसे आनंदानं द्या. ती घोडीसाठी वापरू नका. जवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात किंवा भिंग असलेल्या डॉक्टरांकडे न्या, ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद धरा आणि स्वतः डोळा लावून पाहा. थेंब पुढं धावताना दिसला, तरच घोडी बांधा.